एकटीच? हो, एकटीच!

‘एकटीच?’

गेल्या डिसेंबरात पाच दिवसांत हा प्रश्न मला तीन भाषांमध्ये विचारला गेला. मराठीत आमच्या सोसायटीच्या वॉचमनने, हिंदीत हुबळीच्या एका हॉटेलच्या काउण्टरवर आणि कन्नडमध्ये थेट रोलर कोस्टरच्या रांगेत. ‘ओब्बरेना?’ मला कन्नडचं एक अक्षर येत नाही, तरी कळलं. काही प्रश्नांना भाषा लागतच नाही, वर गेलेल्या भुवया पुरतात.

तर मंडळी, कबुली देऊन टाकते. तुमच्या या कॉलमवालीने, कुठलीही असाइनमेंट नसताना, कुणाचं लग्न नसताना, निव्वळ पाळण्यात बसण्यासाठी पुण्याहून बंगळुरूच्या पलीकडे बिडदीपर्यंत गाडी हाणली. एकटीने. जाऊन-येऊन साधारण साडेसतराशे किलोमीटर!

मित्रमंडळींच्या प्रतिक्रिया अपेक्षेप्रमाणेच. ‘लडाखला सोलो जा, स्पितीला सोलो जा, समजू शकतो. पण थीम पार्कला?’ म्हणजे बघा, सोलो ट्रिपमध्येसुद्धा जातीपाती आहेत. डोंगरात एकटं गेलं की तो स्वतःचा शोध. समुद्रावर एकटं बसलं की ते चिंतन. आणि वेव्ह पूलमध्ये एकटीने डुंबलं की ‘बिचारी, ब्रेकअप झालं वाटतं!’ एक जण तर म्हणाला, ‘अगं, इमॅजिका खोपोलीला आहे की! दीड तासात पोचशील. त्यासाठी कर्नाटक कशाला ओलांडायचं?’

प्रश्न बरोबर होता. उत्तरासाठी थोडं मागे जावं लागेल.

२०१० सालची गोष्ट. मी सातवीत. आमच्या शाळेची पिकनिक निघाली एस्सेलवर्ल्डला. गोराईचं ते एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये सुरू झालं होतं, आणि टीव्हीवरच्या जाहिरातीमुळे आमच्या पिढीला ते पंढरपूरइतकंच पवित्र होतं. पण ऐनवेळी रोलर कोस्टरच्या रांगेतून मी पळ काढला. ‘पोटात दुखतंय’ म्हणून बाकावर बसून राहिले. पोटबिट काही दुखत नव्हतं, टरकली होती. पुढे कधीतरी जाऊ म्हणता म्हणता एस्सेलवर्ल्डच २०२२ मध्ये बंद झालं. तो हिशेब तसाच राहिला.

आणि कर्नाटक का, तर तो पप्पांचा रस्ता म्हणून.

माझे पप्पा ड्रायव्हर. अठ्ठावीस वर्षं त्यांनी खासगी ट्रॅव्हल्सच्या बस चालवल्या. एरवी पुणे-बंगळुरू रात्रीची गाडी, उन्हाळ्यात लग्नाची वऱ्हाडं, डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या पिकनिक. २०१९ मध्ये शुगरमुळे डोळ्यांचा त्रास सुरू झाला आणि त्यांनी आपणहून स्टेअरिंग सोडलं. ‘मागं चाळीस माणसं असत्यात. अंदाजानं गाडी मारायची नसती,’ एवढंच म्हणाले. आता ते घरी असतात, बातम्या ‘ऐकतात’ आणि माझ्या सेकंडहॅण्ड वॅगनआरच्या टायरमधली हवा रोज बुटाच्या टोकाने तपासतात.

मी त्यांना म्हटलंही, ‘पप्पा, तुम्हीच चला ना माझ्यासोबत.’

‘नको. मी शेजारी बसलो तर गाडी तू नाय चालवणार, मीच चालवीन. तोंडानं.’

विषय संपला. आईचा मात्र सुरू झाला. ‘एवढ्या लांब? मुलीच्या जातीनं? तुम्ही काही बोलत का नाही हिला?’ पप्पा काही बोलले नाहीत. त्यांनी मला सोसायटीच्या पार्किंगमध्ये नेलं, घड्याळ लावलं आणि म्हणाले, ‘स्टेपनी बदलून दाखव.’ पहिल्या वेळी मला एक्कावन्न मिनिटं लागली. चौथ्या वेळी बावीस. मग त्यांनी चावी दिली. सोबत कालनिर्णयच्या मागच्या पानावर लिहिलेली यादी. पप्पांचं अक्षर म्हणजे बसच्या काचेवरच्या पाटीसारखं, मोठं आणि ठसठशीत. त्यात होतं ते असं :

ज्या गिअरात घाट चढतो, त्याच गिअरात उतरायचा. ब्रेकवर बसून नाही.

दर दोन तासांनी खाली उतरायचं. गाडी दमत नाही, माणूस दमतं.

पहाटे तीन ते पाच गाडी चालवायची नाही. कितीही झोप झालेली असू दे.

ज्याला घाई आहे त्याला जाऊ द्यायचं.

जिथे ट्रकवाले जेवतात तिथे जेवायचं.

मॅनेजमेंटच्या पुस्तकांवर पैसे उधळणाऱ्यांनो, ही पाच वाक्यं कापून पाकिटात ठेवा.

पहिल्या दिवशी पहाटे साडेपाचला धनकवडी सोडली. नवले पूल, कात्रजचा नवा बोगदा आणि मग तो सरळ रस्ता. आपल्याला तो आता एनएच ४८ म्हणून माहीत आहे. पप्पांच्या तोंडी अजूनही एनएच फोरच, कारण २०१० मध्ये सरकारने नंबर बदलले, ड्रायव्हर लोकांनी नाही! सुवर्ण चतुष्कोनाचं काम होण्याआधी हा रस्ता दुपदरी होता. समोरून ट्रक आला की एक चाक खाली मातीत घालायचं, आणि तेही रात्री, मागे चाळीस माणसं झोपलेली असताना. मी मात्र फास्टॅग लावून, एसीत बसून, पॉडकास्ट ऐकत चालले होते आणि स्वतःला लई शूर समजत होते.

खंबाटकी घाट जाताना चढायचा आणि येताना बोगद्यातून यायचं, अशी तेव्हा इथली सोय होती. त्यामुळे समोरून गाडी येण्याची भीती नाही. तरीही दुसऱ्या वळणावर माझे हात स्टेअरिंगला असे चिकटले होते की साताऱ्याला चहाचा कप धरताना बोटं वाकेनात. साताऱ्याच्या पुढे सहापदरीकरणाचं काम चालू होतं. दर थोड्या अंतरावर डायव्हर्जन, धूळ आणि डावीकडून घुसणारे दुचाकीवाले. ‘ज्याला घाई आहे त्याला जाऊ द्यायचं’ हा मंत्र कराडपर्यंत किमान पन्नास वेळा म्हटला असेल. कोल्हापूर मागे पडलं, कागल गेलं, कोगनोळीचा टोलनाका आला आणि मोबाइलवर मेसेज : वेलकम टू कर्नाटका!

पुढे निपाणी आणि लगेच तवंदी घाट. उतरताना समोरच्या कारचे ब्रेकचे दिवे सतत पेटलेले आणि करपल्याचा वास. मी गाडी तिसऱ्या गिअरमध्ये टाकली, पाय ब्रेकवरून बाजूला घेतला आणि वॅगनआर शहाण्या मुलीसारखी आपली आपण सावकाश उतरली. फिजिक्समध्ये शिकवलं होतं की इंजिनसुद्धा गाडीला आवरून धरतं. पण समजलं तवंदी घाटात. ब्रेक तापले की त्यांची पकड जाते, म्हणून ब्रेक अडचणीसाठी राखून ठेवायचे. हे कालनिर्णयच्या पानावर फक्त एका ओळीत होतं.

बेळगावपर्यंत मराठीवर भागतं. धारवाडला पाटीवरची अक्षरं अनोळखी झाली, पण पेढा ओळखीचा निघाला. खरपूस, तपकिरी, पिठीसाखरेत घोळवलेला. पाव किलो घेतला, त्यातला निम्मा हुबळीपर्यंत संपला. धारवाड-हुबळीचा बायपास मात्र खाण्याच्या नादात घेण्यासारखा नाही. साधारण तीस किलोमीटरचा हा पट्टा कित्येक वर्षं, आजूबाजूचा हायवे चौपदरी होऊनही, मध्ये दुभाजक नसलेला दुपदरीच राहिला. सकाळपासून चौपदरीची सवय झालेला माणूस इथे बिनधास्त ओव्हरटेक करायला जातो आणि समोरून बस येते. पप्पांनी फोनवर बजावलं होतं, ‘तिथं मुकाट ट्रकच्या मागं राहायचं.’ राहिले.

आता पप्पांच्या यादीत नसलेली एक गोष्ट. मैत्रिणींनो, हे खास तुमच्यासाठी. अठ्ठावीस वर्षांच्या अनुभवातून आलेल्या त्या यादीत टॉयलेटचा ‘ट’सुद्धा नव्हता. कसा असेल? पुरुषांना अख्खा हायवे मोकळा! आपल्याला मात्र नकाशात हॉटेलांपेक्षा आधी ते शोधावं लागतं. माझा फॉर्म्युला ऐका. कंपनीच्या मोठ्या पेट्रोल पंपावर गाडी वळवायची, टाकी अर्धी असली तरी पाचशेचं पेट्रोल टाकायचं आणि हक्काने चावी मागायची. आणि पाणी प्यायचं. टॉयलेट नसेल या भीतीने दिवसभर तहानलेलं राहणं हा बायकांचा राष्ट्रीय छंद आहे, आणि गाडी चालवताना तो धोक्याचा आहे. पाणी कमी पडलं की आधी डोकं जड होतं, मग लक्ष उडतं.

संध्याकाळी पाच वाजता हुबळी. सुमारे सव्वाचारशे किलोमीटर! काउण्टरवरच्या माणसाने आधार कार्ड उलटसुलट पाहिलं. ‘अकेली? फॅमिली पीछे से आ रही है?’ म्हटलं, ‘फॅमिली पुण्यात आहे, मी पुढे आलेय.’ खोलीत जाऊन दाराला कडी लावली, मग त्याला खुर्ची टेकवली, मग खुर्चीवर बॅग ठेवली. ‘स्वतंत्र स्त्री’ वगैरे सगळं खरं, पण रात्री अडीच वाजता कॉरिडॉरमध्ये कुणी हसलं की छाती धडधडतेच. त्या रात्री मी जेमतेम चार तास झोपले आणि सकाळी ठरवलेल्यापेक्षा दीड तास उशिरा निघाले. यादीतला दमलेल्या माणसाचा नियम आठवला म्हणून.

दुसऱ्या दिवशी राणेबेन्नूर ओलांडलं आणि गाडी डावीकडे ओढायला लागली. उतरून पाहिलं. पुढचं डावं चाक जमिनीवर बसलेलं.

पप्पांना फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. आंघोळीला गेले असणार. दोन्ही बाजूंना शेतं, डोक्यावर ऊन आणि शेजारून ट्रक गेला की अख्खी गाडी हलायची. पाच मिनिटं मी नुसती आत बसून राहिले. रडले नाही, पण तयारी पूर्ण होती.

मग उतरले. हॅण्डब्रेक, पहिला गिअर, मागच्या चाकांना दगड. गाडी उचलायच्या आधी नट सैल करायचे, कारण चाक हवेत गेल्यावर जोर लावला की ते नुसतं फिरतं. हातांना सगळं पाठ होतं, फक्त डोकं घाबरलं होतं. जॅक लावत होते तेवढ्यात मागे एक ट्रक थांबला. तामिळनाडूची पाटी. लुंगीतला माणूस खाली उतरला आणि माझ्या हातातला पाना आपोआप घट्ट झाला.

तो माझ्याकडे आलाच नाही. त्याने कडेच्या झाडाची मोठी फांदी मोडली, माझ्या गाडीच्या बऱ्याच मागे रस्त्याच्या कडेला टाकली, म्हणजे येणाऱ्याला लांबूनच कळावं. मग आपल्या ट्रकच्या चाकाला टेकून विडी ओढत उभा राहिला. पाठ माझ्याकडे, तोंड येणाऱ्या गाड्यांकडे. मी नट आवळायला लागले तेव्हा एकदाच वळला आणि हवेत बोटाने फुली काढली. म्हणजे शेजारशेजारचे नाही, समोरासमोरचे नट आवळ, चाक सरळ बसतं. मी मान हलवली. पप्पा हेच सांगतात. काम झालं तसं त्याने फांदी उचलून शेतात फेकली आणि निघून गेला. आम्हा दोघांमध्ये एक शब्दही झाला नाही. त्या सबंध प्रवासात मला ‘एकटीच?’ असं न विचारणारा तो एकमेव माणूस.

घड्याळ पाहिलं. एकोणीस मिनिटं!

दावणगेरेला पंक्चर काढलं आणि तिथला प्रसिद्ध लोणी डोसा खाल्ला. एक पंक्चरच्या नावाने, एक एकोणीस मिनिटांच्या. पुढे चित्रदुर्गच्या टेकड्यांवर पवनचक्क्या, मग हिरियूर, सिरा, तुमकुरू. बंगळुरूच्या ट्रॅफिकमध्ये शिरायचं नसेल तर तुमकुरू रोडवरून नाइस रोड पकडून थेट म्हैसूर रोडला निघता येतं. तसंच केलं. अंधार पडता पडता बिडदी. पप्पांना मेसेज केला, ‘पोचले. एक पंक्चर.’ लगेच फोन. ‘कुठलं चाक?’ मी कशी आहे हे त्यांनी विचारलं नाही. त्यांच्या भाषेत तेच विचारलं होतं.

तिसरा दिवस. बिडदीची तट्टे इडली म्हणजे ताटलीएवढी, कापसासारखी मऊ. दोन खाऊन वंडरलाला पोचले. केरळात कोचीला २००० मध्ये यांचं पहिलं पार्क सुरू झालं, २००५ मध्ये हे. पंख्यांच्या आणि स्टॅबिलायझरच्या व्ही-गार्डवाल्या चित्तिलप्पिल्ली यांचं. ऐंशीच्या आसपास एकर, साठेक राइड्स.

पण माझे पाय पार्किंगमध्येच अडकले.

तिथे शाळांच्या बस लागल्या होत्या. एकसारखे टी-शर्ट घातलेली पोरं चिमण्यांसारखी किलबिलत, रांगेत, दोन-दोनच्या जोडीने गेटकडे निघालेली. आणि ती गेल्यावर बसपाशी उरलेले ड्रायव्हर. एकाने आरशाला टॉवेल वाळत घातला. एकाने खालची डिकी उघडली, आत सतरंजी पसरली आणि त्या चार फुटी अंधारात तो आडवा झाला.

२०१० च्या पिकनिकची बस पप्पांची होती. आता सांगते. हे मी इतकी वर्षं कुणाला सांगितलेलं नाही.

वर्गात माझ्या मैत्रिणींचे बाबा इंजिनीअर, बँकेत, आयटीत. ‘माझे पप्पा ट्रॅव्हल्समध्ये आहेत’ असं मी मोघम सांगायची. त्या पहाटे शाळेच्या गेटवर बस आली आणि ड्रायव्हरच्या सीटवर पप्पा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान खाली घातली. त्यांना कळलं. दिवसभर त्यांनी मला ओळख दाखवली नाही. मुली ओरडत होत्या, ‘ड्रायव्हर काका, गाणी लावा ना!’ आणि मी... मीही ओरडले. ‘काका, गाणी लावा ना!’

बोरिवलीला जेट्टीपाशी बस थांबली. आम्ही लाँचमध्ये बसून खाडीपलीकडे गेलो. पप्पा अलीकडे राहिले. दर वर्षी कितीतरी शाळा त्यांनी त्या जेट्टीपर्यंत नेल्या होत्या, पण एस्सेलवर्ल्डचं गेटसुद्धा त्यांनी कधी पाहिलं नाही. त्या दिवशी त्यांच्याकडे आईने दिलेला डबा होता. माझ्याकडेही तोच डबा होता. भाजीही तीच.

तिकीट काढून आत गेले. खिडकीवर ‘एक’ म्हटल्यावर मुलीने पुन्हा विचारलं, ‘वन?’ वन. ‘रिकॉइल’ नावाच्या रोलर कोस्टरच्या रांगेत माझ्यामागे एक मध्यमवयीन बाई होत्या, सोबत त्यांच्या दोन मोठ्या मुली. ‘ओब्बरेना?’ मी मान डोलावली. मुलींना जोडीने बसायचं होतं, त्यामुळे आम्ही दोघी एका बाकावर. बाई मनातल्या मनात काहीतरी पुटपुटत होत्या, बहुधा देवाचं नाव. मी पप्पांची यादी पुटपुटत होते.

या राइडची गंमत अशी की ती आधी तुम्हाला उलटंपालटं करत पुढे नेते, रूळ संपतो तिथे वर चढवते, क्षणभर थांबवते आणि मग त्याच रस्त्याने पाठमोरी परत सोडते. जाताना निदान पुढे काय आहे ते दिसतं. येताना काहीच नाही. बाईंनी माझं मनगट धरलं, मी त्यांचं. दोघी किंचाळलो. कन्नडमध्ये आणि मराठीत किंकाळी सेम असते! उतरल्यावर पाय लटपटत होते. बाई हसल्या, मी हसले, आणि त्या आपल्या मुलींसोबत निघून गेल्या. पंधरा वर्षांपूर्वीचा हिशेब दोन-तीन मिनिटांत चुकता झाला.

मग काय, दिवसभर नुसती धमाल. एकटं असण्याचे फायदे ऐका. ‘तू काय करणार?’ ‘तू म्हणशील ते’ हा संवाद नाही. एक जागा रिकामी असली की हाक मिळते, रांगेत उडी. वेव्ह पूलमध्ये अर्धा तास काही न करता तरंगले, कुणी ‘चल ना आता’ म्हणालं नाही. तोटेही आहेत. लॉकरची किल्ली सतत सांभाळावी लागते. मोबाइल आत ठेवला की फोटो काढायला कुणी नाही. आणि जेवताना समोरची खुर्ची जरा जास्तच रिकामी दिसते. जाणार असाल तर पाण्याच्या राइड्ससाठी सिंथेटिक कपडे न्या, सुती चालत नाहीत. शनिवार-रविवार टाळा. कोरड्या राइड्स सकाळीच उरका.

संध्याकाळी ओल्या केसांनी पार्किंगमध्ये आले. डिकीतला ड्रायव्हर उठून तोंड धूत होता. न राहवून विचारलं, ‘कधी आत गेलात का?’ तो हसला. ‘हम अंदर जाएगा तो गाडी कौन देखेगा?’

आपण ‘सोलो ट्रॅव्हल’ म्हणतो, त्यावर कॉलम लिहितो, फोटो टाकतो. माझे पप्पा अठ्ठावीस वर्षं रात्रीच्या रात्री एकटे जागे होते. मागे चाळीस माणसं झोपलेली, पुढे हेडलाइटपुरता रस्ता. त्याला कुणी सोलो ट्रिप म्हटलं नाही. त्याला ड्युटी म्हणतात.

गाडीत बसले, काचा वर केल्या आणि फोन लावला. म्हटलं, ‘पप्पा, सातवीतल्या पिकनिकला मी तुम्हाला काका म्हटलं होतं.’

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला.

‘हां. म्हणलीवतीस,’ ते म्हणाले. ‘गाणी लावा म्हणलीस.’

मला पुढे काही बोलता येईना.

‘लावली का नाय मग मी गाणी?’

‘लावली, पप्पा.’

‘मग झालं की.’ थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग त्यांनी घसा खाकरला. ‘तिथं पार्किंगला सावली हाय का?’

मी आजूबाजूला पाहिलं. ‘आहे. कडेला झाडं आहेत.’

‘आन् पाणी?’

‘नळ आहे. आत्ताच एक ड्रायव्हर तोंड धूत होता.’

‘मग बरंय,’ पप्पा म्हणाले. ‘त्येला विचार, परतीला तुमकुरूपर्यंत रस्ता कसाय म्हणून. आन् अंधारात निघू नको. सकाळी नीघ.’

काच खाली केली आणि त्याला विचारायला उतरले.